डॉलर तिकडे, सोसायटी इकडे

बारामती-इंदापुरातून परदेशी गेलेल्यांचा विषय निघाला की आयटीतली मुलं आणि अमेरिका, एवढ्यावरच तो संपतो. पण या दोन तालुक्यांतून बाहेर जाणारा एक जुना रस्ता साखरेचा आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. असल्या कारखान्यांत पॅनवर, मिलवर, बॉयलरवर ज्याचा हात बसला, त्याला केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरियातही काम मिळतं. पॅनमध्ये दाणा कधी धरायचा हे ज्याला नजरेनं कळतं, त्याला भाषा आली नाही तरी चालतं. वालचंदनगरला तर साखर कारखान्याची यंत्रंच घडत आली, ती आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात गेली, आणि यंत्रामागं फिटरही जातो. ही टिपणं या माणसांच्या पगाराबद्दल. तो तिथं कसा मिळतो, इथं कसा पोचतो आणि मधे कुठं अडतो, याबद्दल.

*

करार हातात आला की सगळे आकडा बघतात. मी आधी बघतो तो पगार कोणत्या चलनात आणि कोणत्या देशातल्या खात्यावर मिळणार ते. पुष्कळ करारांत पगाराचे दोन भाग असतात. जेवणखाण, किरकोळ खर्चासाठीचा भाग तिथल्या चलनात मिळतो आणि मुख्य पगार डॉलरमध्ये, थेट भारतातल्या खात्यावर येतो. दुसरा प्रकार म्हणजे सगळा पगार तिथल्या चलनात द्यायचा, फक्त कागदावर डॉलरचा आकडा लिहायचा. हे दोन्ही करार वाचताना सारखेच वाटतात, पण दोन वर्षांनी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

इथिओपियाचं उदाहरण ताजं आहे. २९ जुलै २०२४ ला तिथल्या सरकारनं बिर बाजारभावावर सोडला. त्याआधी डॉलरला ५७-५८ बिर मिळायचे, काही आठवड्यांत भाव शंभराच्या पुढं गेला. ज्याचा पगार बिरमध्ये ठरला होता त्याचं काम तेवढंच राहिलं, पाळी तेवढीच राहिली आणि घरी पोचणारा पैसा जवळपास निम्म्यावर आला. नायजेरियात त्याआधीच हे घडलं होतं. जून २०२३ पर्यंत डॉलरला ४७० नैराच्या आसपास असलेला सरकारी दर २०२४ च्या अखेरीला दीड हजारावर होता.

त्याच नायजेरियात २०२२ च्या अखेरीला नव्या नोटा आल्या, २०२३ च्या सुरुवातीला जुन्या काढून घेतल्या आणि लोकांना रोकडच मिळेना. खात्यात पैसे असून बँकेबाहेर दिवस दिवस रांगा लागल्या. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे दिवस आपण पाहिले आहेत, त्यामुळं हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की आपल्याकडं तेव्हा शेजारी होता, किराणावाला उधारीवर देत होता. परमुलखात वही कोण लिहून ठेवणार?

म्हणून करारात डॉलर हा शब्द, बँकेचं नाव आणि महिन्याची तारीख, या तिन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात. एजंट सांगतो, ‘होऊन जाईल.’ त्या होऊन जाण्याला कागदावर आणावं.

*

केनियाची गोष्ट वेगळी. तिथं २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं. साध्या बटनाच्या फोनवरून पैसे पाठवायचे आणि गावातल्या टपरीवजा एजंटाकडून रोख काढायची. आपल्याकडं यूपीआय आलं २०१६ ला. किसुमूच्या आसपासच्या ऊसपट्ट्यात काम करणाऱ्याला बँक लांब पडते, एम-पेसाचा एजंट कोपऱ्यावर असतो. भाजी, बस, केशकर्तन सगळं त्यावर चालतं. पासपोर्टवर नोंदणी होते. पहिल्या आठवड्यातच ती करून घ्यावी आणि खिशात जाड पाकीट घेऊन फिरू नये.

*

बँकेचं नवं कार्ड परदेशात चालेलच असं समजू नये. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डाचा परदेशी वापर मुळात बंद असतो, तो आपण चालू करायचा असतो. हे काम बारामतीत बसून पाच मिनिटांचं आहे आणि अदिस अबाबाच्या विमानतळावर अशक्यप्राय, कारण ओटीपी ज्या नंबरावर येणार तो अजून रोमिंगवर आलेला नसतो.

एटीएम कधी कधी विचारतं, रक्कम रुपयांत कापू का? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून माणूस ‘हो’ म्हणतो. तिथं ‘नाही’ म्हणायचं आणि तिथल्याच चलनात कापून घ्यायचं. ‘हो’ म्हटलं की दर एटीएमवाला ठरवतो आणि तो आपल्या सोयीचा नसतो.

*

ओटीपीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण परदेशातल्या माणसाचा पैसा सगळ्यांत जास्त इथं अडकतो.

जाताना माणूस इथलं सिमकार्ड फोनमधून काढून पाकिटात ठेवतो. रिचार्ज संपतो. ९० दिवस नंबर वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढं दुसऱ्या कुणाला देऊ शकते. बँकेच्या लेखी मात्र तो अजून आपलाच नंबर असतो. मग पासवर्ड बदलायला गेलं की ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. बँक म्हणते, शाखेत या. शाखा भिगवण रोडला, माणूस युगांडातल्या जिंजाला.

काही देशांतल्या भारतीयांना तिथल्याच मोबाइल नंबरवर यूपीआय वापरायची सोय झाली. २०२३ मध्ये आलेल्या पहिल्या यादीत दहा देश होते: सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग आणि आखातातले ओमान, कतार, सौदी, अमिराती. आफ्रिकेतला एकही नाही. म्हणजे साखरेच्या रस्त्यानं गेलेल्याला भारतीय सिम जिवंत ठेवण्याशिवाय गत्यंतर नाही. घरच्या कुणीतरी त्याचा रिचार्ज दर वेळी न चुकता मारायचा. दूधवाल्याचं बिल जसं ठरलेल्या तारखेला भागवतो, तसं.

*

एनआरई, एनआरओ ही नावं आपल्याकडं आता सगळ्यांनी ऐकलेली असतात, फरक फार थोड्यांना माहीत असतो.

नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्याच्या दृष्टीनं माणूस त्या दिवसापासून अनिवासी. जुनं बचत खातं तसंच चालू ठेवायचं नसतं, ते एनआरओ करून घ्यायचं. इथलं उत्पन्न, म्हणजे भाडं, लाभांश, जुन्या ठेवींचं व्याज, त्यात येतं आणि व्याजावर ३० टक्के दरानं कर आधीच कापला जातो, वर उपकर. एनआरई खात्यात फक्त बाहेरून आलेला पैसा जातो. त्याच्या व्याजावर इथं आयकर नाही आणि तो पैसा पुन्हा बाहेर न्यायला आडकाठी नाही. एनआरओतून बाहेर न्यायचं तर वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा. आपल्या फिटरला ती कधी आडवी येणार नाही, पण कागदपत्रं मात्र तेवढीच लागतात.

आयकराचं गणित निराळं, तिथं दिवस मोजतात. नोकरीसाठी बाहेर पडलेला माणूस आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिला तर निवासी. म्हणजे जानेवारीत गेलेला माणूस एका कायद्यानं अनिवासी आणि दुसऱ्या कायद्यानं त्या वर्षापुरता निवासी असू शकतो. पहिल्या वर्षी विवरणपत्र भरताना हे सांगणारा सीए गाठावा. पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवावेत.

आणखी एक अडचण खास आपल्याकडची. घराचं सगळं जुनं व्यवहाराचं नातं जिल्हा बँकेशी. उसाचं बिल तिथं, पीककर्ज विकास सोसायटीमार्फत तिथं. डॉलर यायला मात्र परकीय चलनाचं काम करणारी बँक लागते. त्यामुळं घराची दोन पासबुकं होतात, आणि दुसरं पासबुक कसं चालतं हे घरातल्या कुणालाच दाखवलेलं नसतं.

*

परदेशी गेलेल्या माणसाचा पैसा हा खरं तर घरातल्या बाईच्या हातात जाणारा पैसा आहे. पण कागद तसे केलेले नसतात.

नवरा गेल्यावर मुलांच्या फिया, सासऱ्यांचं औषध, मोटारीचं जळालेलं वायंडिंग, पाणीपट्टी, लाइट बिल, सगळं ती बघते. आणि पैसे ज्या खात्यात येतात त्यावर तिची सही नसते. एटीएम कार्ड आणि पिन तिच्याकडं असतो, म्हणून चाललेलं असतं. कार्डाची मुदत संपली की चालणं थांबतं. नवं कार्ड खातेदाराच्या पत्त्यावर, खातेदाराच्या सहीनं. मग फोन करून दीराला सांग, दीर मित्राला सांगतो, मित्र बँकेतल्या ओळखीच्या माणसाला सांगतो. स्वतःच्या घरच्या पैशासाठी तिनं तीन पुरुषांच्या सवडीची वाट बघायची. हे मी आमच्या भागात फार पाहिलं आहे आणि ते मला अजिबात मान्य नाही.

यावर नियमात वाट आहे. एनआरई खात्यात इथली पत्नी किंवा आई संयुक्त खातेदार होऊ शकते, पण ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ या अटीवर. म्हणजे पहिला खातेदार हयात असेपर्यंत ती केवळ संयुक्त नावामुळं पैसे काढू शकत नाही. त्यासाठी तिच्या नावे मुखत्यारपत्र हवं. त्यावर तिला घरखर्चाचे व्यवहार करता येतात, त्या खात्यातून तिसऱ्याला बक्षीस देता येत नाही.

हे मुखत्यारपत्र जाण्याआधी इथंच केलं तर अर्ध्या दिवसाचं काम. राहिलं, तर तिकडच्या भारतीय वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करायची, टपालानं पाठवायचं आणि इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा. कारखाना राजधानीपासून दिवसभराच्या अंतरावर असतो आणि गाळप चालू असताना सुट्टी मिळत नाही.

त्याहून सोपी वाट अशी की तिच्या एकटीच्या नावे साधं बचत खातं असावं आणि घरखर्चाची रक्कम तिकडून थेट त्यावर यावी. बँकेत त्या पैशाचं कारण म्हणून कुटुंबाचा उदरनिर्वाह असं नोंदलं जातं. नवऱ्यानं पाठवलेल्या या पैशावर तिला कर नाही. शिल्लक टाकायचा पैसा एनआरईवर, खर्चाचा तिच्या खात्यावर. दोन प्रवाह पहिल्यापासून वेगळे काढले की पुष्कळ भांडणं निर्माणच होत नाहीत.

*

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, देशात पहिला. केरळ १९.७ वर. आकडा वाचून बरं वाटतं. पण केरळात या पैशाबद्दल घराघरात बोललं जातं, अभ्यास होतात, गाणी होतात. आपल्याकडं तो मुंबई-पुण्याच्या बेरजेत मिसळून जातो. निमगाव केतकीच्या एखाद्या घरात महिन्याला येणारे चार-सहाशे डॉलर कुणाच्या नोंदीत वेगळे दिसत नाहीत.

*

बारामतीला पैसा दूर पोचवण्याची विद्या नवी नाही. कऱ्हाकाठी ज्यांचा वाडा आहे ते बाबूजी नाईक जोशी पेशवाईतले बडे सावकार. कवी मोरोपंत (१७२९-१७९४) त्यांच्याच आश्रयानं इथं राहिले. त्या काळी काशीला निघालेला माणूस रुपये कमरेला बांधून नेत नसे. इथल्या पेढीवर भरून हुंडी घ्यायची आणि तिकडच्या पेढीवर वटवायची. मधली कापली जाणारी रक्कम ती हुंडणावळ.

त्या व्यवस्थेत काय काय होतं बघा. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनंतर. शाहाजोग हुंडी बाजारात पत असलेल्या शाहाच्या मार्फतच वटे, म्हणजे चोरानं पळवली तरी त्याला पैसे मिळणं अवघड. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्यानंही हुंडीच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही.

आज बँकांच्या स्विफ्ट यंत्रणेनं पैसे पाठवताना मधे एक-दोन बँका असतात आणि प्रत्येकीचं थोडं थोडं कापलं जातं. पाठवणाऱ्याला फॉर्मवर निवडता येतं की हा खर्च कुणी सोसायचा: पाठवणाऱ्यानं, घेणाऱ्यानं की दोघांनी. बरेच जण ती चौकट न वाचताच सोडतात आणि घरी पाचशे डॉलरऐवजी चारशेऐंशी का आले यावरून फोनवर वादावादी होते. छोट्या रकमा वारंवार पाठवण्यापेक्षा दोन महिन्यांची एकदम पाठवली तर हुंडणावळ एकदाच बसते.

हुंडीच्या नावाखाली आज जे चालतं तो हवाला. दर चांगला मिळतो, पैसे तासाभरात घरपोच येतात, हे खरं आहे. पण तो फेमा या परकीय चलन कायद्याचा भंग आहे आणि पैसे बुडाले तर कुठल्याही चौकीत सांगता येत नाही. शिवाय त्या पैशाला जन्मदाखला नसतो. उद्या त्यातून घर बांधलं तर कुठून आणले, याला उत्तर नाही.

*

कायदेशीर आणि झटपट असं काही हवं असेल तर वेस्टर्न युनियनसारख्या सेवा आहेत. मर्यादा माहीत असाव्यात. एका वेळी २,५०० डॉलर, एका माणसाला वर्षात ३० वेळा आणि हातात रोख ५० हजार रुपयांपर्यंतच, त्यावरचं खात्यात. दवाखान्यात कुणी अॅडमिट असेल तेव्हा हीच वाट कामाला येते.

*

आमच्याकडं वर्षाची खरी तारीख ३१ मार्च. सोसायटी भरायची, म्हणजे तिचं पीककर्ज फेडायचं. मुदतीत भरली तर व्याजाची सवलत मिळते आणि नवं-जुनं होऊन पुढचं कर्ज हातात पडतं. चुकली तर थकबाकीदार. तिकडं मार्च म्हणजे साधा महिना असतो. पगार पाच-सहा तारखेला होतो, पैसे पोचायला चार-पाच दिवस, मधे शनिवार-रविवार, तिकडच्या सुट्ट्या वेगळ्या. इथिओपियाची तर दिनदर्शिकाच वेगळी, वर्ष सप्टेंबरात सुरू होणारी. म्हणून सोसायटीचा पैसा फेब्रुवारीच्या पगारातून बाजूला काढावा. मार्चच्या पगारावर भिस्त ठेवून ऐन वेळी हातउसने घ्यावे लागलेली घरं मला माहीत आहेत, आणि सधन म्हणवणारी घरं ती.

*

बाहेर गेलेल्या प्रत्येकाच्या मनात एक एकर असतं. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखालचं मिळालं तर उत्तमच.

अनिवासी असताना शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं येऊ शकते, आलेली ठेवता येते. विकत नाही आणि बक्षीसही नाही. हे माहीत नसताना सुट्टीवर आलेला माणूस खरेदीखत करून जातो, किंवा कुणीतरी सांगतं म्हणून भावाच्या एकट्याच्या नावे घेतो. भाऊ चांगला असतो. पण बेनामी व्यवहाराच्या कायद्यात पत्नी आणि मुलांच्या नावे स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला जी सूट आहे, ती भावाच्या बाबतीत आपलं नावही सोबत असेल तरच मिळते. आणि आपलं नाव तर शेतजमिनीवर लावता येत नाही. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, जमीन त्याची. पुढं त्याच्या मुलांची. दहा वर्षं बॉयलरसमोर भाजून निघालेल्या माणसाला बांधावर उभं राहून हे कळावं, यासारखं वाईट काही नाही.

पत्नी इथं राहते, शेतकरी कुटुंबातली आहे, तिच्या नावे घेता येते. या सल्ल्यावर पुष्कळ चेहरे बदलतात. ती माहेरी निघून गेली तर, असं कुजबुजत विचारलं जातं. जिच्यावर म्हातारे आई-बाप आणि पोरं सोपवून जातो, तिच्यावर एक एकर सोपवता येत नसेल तर कसं व्हायचं?

*

भवानीनगरच्या रस्त्यानं गाळपाच्या हंगामात बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांचा हिशोब उलटा: उचल आधी, काम नंतर. पैसा घरी खर्चून झालेला असतो, मग कोयता हातात घेऊन ते फेडत बसायचं. परमुलूख दोघांचा, पण डॉलरवाल्याला निदान महिन्याच्या शेवटी काही मिळायचं असतं. एजंटाला व्याजानं पैसे काढून देणारा माणूस मात्र या टोळीच्याच हिशोबात जाऊन बसतो. नोंदणीकृत भरती एजंटाला ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. लाख-दीड लाख मागणाऱ्यापुढं हा आकडा ठेवून बघावा.

*

उलट दिशेचं एक टिपण. बारामती एमआयडीसीत पियाज्जिओ आणि फेरेरो, दोन्ही इटलीच्या कंपन्या. तिथं नेमणुकीवर आलेल्या इटालियन माणसालाही पहिला महिना पैशाचाच प्रश्न पडतो. चहावाला कार्ड घेत नाही, क्यूआर पुढं करतो. परदेशी पाहुण्यांसाठी २०२३ मध्ये ‘यूपीआय वन वर्ल्ड’ नावाचं पाकीट निघालं, तेव्हापासून थोडं सोपं झालं असावं.

*

१५ एप्रिल २०२३ ला सुदानात लढाई पेटली. खार्तूममधल्या बँका बंद, एटीएम रिकामी. ‘ऑपरेशन कावेरी’तून भारतीयांना पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे आणलं गेलं. अशा वेळी खात्यातला आकडा उपयोगाचा नसतो, अंगावरची रोकड आणि पासपोर्ट उपयोगाला येतो. त्याहून जुनी आठवण युगांडाची. १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांत हाकललं, बरोबर सुमारे ५० पौंड नेऊ दिले. साखर कारखाने उभे करणारी मेहता, माधवानी ही घराणीही त्यातून सुटली नाहीत. नोकरीवर गेलेल्या माणसानं तिथं तीन महिन्यांच्या खर्चापलीकडं शिल्लक ठेवू नये, असं मला वाटतं. बाकीचा पैसा महिन्याच्या महिन्याला इकडं.

सुदानसारख्या काही देशांत दहावी नापास माणसाला जायचं तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर परवानगी आणि प्रवासी भारतीय विमा सक्तीचा. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, संरक्षण दहा लाखांचं. केनिया, युगांडा, इथिओपिया त्या यादीत नाहीत. तिकडं जाणाऱ्याला कुणी विमा विचारत नाही, स्वतःच उतरवावा लागतो.

*

परत येतानाचं. विमानातून रोख डॉलर आणताना नोटा पाच हजार डॉलरपेक्षा जास्त असतील तर कस्टममध्ये फॉर्म भरून जाहीर करायचे. पकडले गेल्यावर सांगणं आणि आधी सांगणं यांत कायद्याला मोठा फरक आहे. कायमचं परतल्यावर एनआरई खातं निवासी करून घ्यायचं. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर निवासी माणसालाही परकीय चलनाचं आरएफसी खातं उघडता येतं. आणि युगांडात पगारातून ५ टक्के कापले जातात, मालक १० टक्के घालतो, ते तिथल्या सामाजिक सुरक्षा निधीत साठत राहतं. देश कायमचा सोडणाऱ्याला ते परत मिळतं, केनियातही तशी सोय आहे. पुष्कळ जण ते मागतच नाहीत. तिथून निघण्याआधीच अर्ज भरून द्यावा, कारण नंतर इंदापुरातून कंपालाला हेलपाटे घालता येत नाहीत, आणि पैसे ज्या भारतीय खात्यावर यायचे त्याचा स्विफ्ट कोड त्याच अर्जावर लिहून टाकावा.